गाडी लागणं

माझ्या सासूबाईंना, तारामतीबाईंना, गाडी लागते. मी लग्न होऊन उमरीला आले त्या आठवड्यातच हे मला कळलं, आणि तेही हसत हसत. सासरे, अण्णाराव, हयात होते तोवर पाहुणे जमले की स्वतःच्या लग्नाचा किस्सा सांगायचे. वऱ्हाड भोकरकडच्या खेड्यातून ट्रकनं परत निघालं होतं. नवरीला पुढे केबिनमध्ये सासऱ्याच्या शेजारी बसवलेलं. उकाडा म्हणून म्हाताऱ्यानं डोक्यावरचा नवा पटका काढून मांडीवर ठेवलेला. अर्ध्या वाटेत नवरीनं ओंजळ तोंडाला लावली, पण ओंजळ पुरली नाही.

"आमच्या बापाचा पटका गावात कुनी उतरवू शकलं न्हाई," सासरे म्हणायचे, "हिनं पहिल्याच दिवशी उतरवला!"

सगळे हसायचे. सासूबाईही पदर तोंडाला लावून हसायच्या आणि उठून आत जायच्या.

आपल्याकडे नजर लागते, ठेच लागते, उचकी लागते, तशी गाडी लागते. म्हणून ते घेऊन कुणी दवाखान्यात जात नाही. लिंबू हुंगायला द्यायचं, आल्याचा तुकडा दाढेखाली धरायचा, पोटाला वर्तमानपत्र बांधायचं, पुढच्या शिटावर बसायचं, लांब बघायचं. सासूबाईंचं हे सगळं करून झालं होतं. एका बाईच्या सांगण्यावरून चाकाखालची मातीही कपाळाला लावून झाली होती. गोळ्या घेतल्या तर झोप यायची, आणि झोपेतून उठून ओकायच्या. एसटी असो, जीप असो, ऑटो असो. रेल्वेत जरा कमी, पण मुदखेड येईपर्यंत तोंड पांढरं पडायचं.

बैलगाडी मात्र त्यांना कधी लागली नाही. माहेरी जायचं तर सासरे बैल जुंपायचे. मागे गवतावर घोंगडी टाकून त्या लहानग्या लेकीला, पुनमला, मांडीवर आणि आदिनाथला शेजारी घेऊन बसायच्या आणि अर्धा दिवस गाणी म्हणत जायच्या, असं माझा नवरा आदिनाथ सांगतो. मग ट्रॅक्टर आला, चारा महागला, बैल विकले. गावातल्या बाकीच्यांनीही विकले. त्या दिवसापासून सासूबाईंचं जग पायी जाता येईल तेवढंच राहिलं: शेत, बाजार, महादेवाचं देऊळ. माहेरच्यांना भेटायचं तर त्यांनीच यायचं. भाऊ येत राहिला, पुढं तोही थकला.

मला सुरुवातीला वाटायचं, थोडा नखराही असेल. नांदेडला पाच-सहा वेळा त्यांच्यासोबत गेले तेव्हा ते वाटणं गेलं. गाडी सुरू व्हायच्या आधीच, नुसता शिटाचा वास आला की, त्यांच्या कपाळावर घाम यायचा. कुणी घाम ठरवून आणू शकत नाही.

पुनम, माझी नणंद, जळकोटला दिलेली. लग्न मुद्दाम उमरीत लावलं, आईला जाता येणार नाही म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा दामिनीचा जन्मही इथलाच. पुनम दिवाळीला यायची, पंचमीला यायची. त्यामुळे चाललं होतं. आईनं लेकीचं घर पाहिलं नव्हतं, एवढंच.

पुनमच्या नवऱ्यानं, दयानंदरावांनी, जळकोटला नवं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला सासूबाई निघाल्या. लेकीसाठी साडी, जावयाला टोपी-टॉवेल, दामिनीला चांदीचे पैंजण, सगळं पिशवीत भरून. नांदेडच्या अलीकडेच गाडी थांबवावी लागली. त्या रस्त्याच्या कडेला बसल्या त्या उठेनात. शेवटी आदिनाथनं पिशवी घेऊन एकट्यानं जायचं ठरलं आणि मी त्यांना दुसऱ्या गाडीनं, थांबत थांबत, घरी आणलं.

संध्याकाळी पुनमचा फोन आला. तिच्या आवाजात रडणं होतं.

"सगळ्यांच्या आया आल्या होत्या, आई. आमच्या सासूबाई सगळ्यांसमोर काय म्हनल्या ठाव हाय? म्हनल्या, इहीनबाईला गाडी लागत न्हाई, आमचं गाव लागतंय."

सासूबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "हाव माय. चुकलंच माझं."

काय चुकलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

*

मागच्या श्रावणात पुनमला ताप आला. दोन दिवस जळकोटलाच औषध घेतलं. मग अंगावर लाल ठिपके उठले, डेंग्यू निघाला, आणि दयानंदरावांनी तिला लातूरला हलवलं. माझी मुलगी सृष्टी लातूरलाच क्लासला आहे, वसतिगृहात राहते. ती रोज आत्याकडे जायची आणि आम्हाला फोन करायची. आधी म्हणायची, बरी आहे. मग म्हणायला लागली, पेशी कमी झाल्यात. एका सकाळी तिनं व्हिडिओ कॉल लावला. पुनमच्या नाकाला नळी होती, चेहरा सुजलेला. डॉक्टरनं बोलू नका म्हटलं असेल, तरी ती बोलली.

"आईला पाठवा."

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी आदिनाथकडे वळून एवढंच म्हटलं, "गाडी काढ."

शेजारचा व्यंकटी स्वतःची गाडी भाड्यानं चालवतो. तो लगेच आला. सासूबाईंनी दोन गोळ्या एकदम गिळल्या, पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. मी मागे त्यांच्याजवळ बसले, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. नांदेडपर्यंत त्या डोळे मिटून, ओठ दाबून बसल्या. मला वाटलं, या वेळी देव पावला.

नांदेड सोडलं आणि सुरू झालं. आधी पाणी, मग पिवळं, मग हिरवं. पोटात काही नव्हतं तरी आतून पिळून निघत होतं. आदिनाथनं गाडी बाजूला घ्यायला सांगितली की त्या पुढच्या शिटावर हात आपटायच्या.

"थांबू नको रे! मला ओकू दे. तू गाडी थांबू नको."

व्यंकटी आरशात बघत बघत चालवत राहिला. लोह्याच्या जवळ त्यांची बोटं आकडली, हाताच्या मुठी उघडेनात. मग मान माझ्या खांद्यावर पडली. मी हाक मारली, त्या बोलल्या नाहीत. तेव्हा व्यंकटीनं कुणालाही न विचारता गाडी दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सलाईन लावलं, बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"अंगात पाणीच राहिलं नाही यांच्या. वय काय, प्रकृती काय, आणि कुठं घेऊन चाललात? आज यांना गाडीत घालू नका. वाटेत काही झालं तर मला विचारू नका."

आदिनाथ म्हणाला, "बहीण सिरीयस आहे माझी, लातूरला."

डॉक्टरनं सलाईनची नळी पुन्हा तपासली. मग म्हणाला, "तरी सांगतो, आज नको."

सासूबाई शुद्धीवर आल्या तसं त्यांनी आधी छत पाहिलं, मग मला.

"लातूर आलं?"

"नाही आई. लोहा आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग आदिनाथला म्हणाल्या, "तू जा. मी येऊलाले म्हनून सांग तिला. मागून येऊलाले म्हन." आदिनाथ आणि व्यंकटी निघाले. मी कॉटशेजारच्या स्टुलावर बसले. एका बाजूला बाळंतीण, दुसऱ्या बाजूला साप चावलेला एक म्हातारा. सलाईनचे थेंब पडत होते आणि सासूबाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जशी एसटी सुटायची वाट बघणारी माणसं कंट्रोलरच्या खिडकीकडे बघतात.

"जरा जोरात सोडा की वो बाई," त्या नर्सला म्हणाल्या.

"जोरात सोडून चालत नाही, आजी."

माझा फोन वाजला तेव्हा मी व्हरांड्यात गेले. सृष्टी होती. तिला बोलता येत नव्हतं, नुसता श्वास ऐकू येत होता, त्यावरूनच मला समजलं. आदिनाथ तेव्हा चाकूरही ओलांडून गेला नव्हता.

मी आत आले. कसं सांगायचं याचा विचार करायला मला वेळच मिळाला नाही. त्यांनी माझं तोंड पाहिलं.

"गेली?"

मी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. हाताकडे बोट करून म्हणाल्या, "ही सुई काढ."

*

दयानंदरावांनी पुनमला लातूरहून सरळ जळकोटला नेलं. फोनवर म्हणाले, "आईसाठी थांबवतो, पण लई वेळ थांबवता यायचं न्हाई. या लवकर."

लोह्याहून मी दुसरी गाडी ठरवली. डॉक्टरनं हात जोडले, पण अडवलं नाही. अहमदपूरवरून जळकोटपर्यंतची ती वाट मला नीट आठवतही नाही. सासूबाईंच्या पोटातून आता काहीच निघत नव्हतं, नुसते उमासे यायचे. एकदा मधेच म्हणाल्या, "तिला मी दिसनार हाय का आता? मग कशाला पळवूलालीस मला?" आणि लगेच, "थांबू नको पन."

दारात मांडव नव्हता, पण तेवढीच गर्दी होती. बायांनी वाट करून दिली. लेकीच्या या घरात सासूबाई पहिल्यांदाच पाय ठेवत होत्या. मी एका बाजूनं धरलेलं, आदिनाथ धावत आला, त्यानं दुसऱ्या बाजूनं धरलं. उंबऱ्यापाशी त्या वाकल्या. मला वाटलं, उंबऱ्याला हात लावतायत. त्या ओकल्या.

कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी राख टाकली. आम्ही त्यांना पुनमच्या उशाशी बसवलं. त्यांनी डोळे उघडले आणि लगेच मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. गाडीतून उतरलं तरी त्यांना पुढं दोन-तीन तास सगळं फिरताना दिसतं, हे मला ठाऊक होतं. तिथल्या कुणाला ठाऊक नव्हतं. लेकीचा चेहरा त्यांच्यापुढे स्थिर राहत नव्हता. त्या हात पुढे करून चाचपत होत्या, आणि हात गालावर जायच्या ऐवजी उशीवर, फुलांवर पडत होता. मी त्यांचा हात धरून पुनमच्या कपाळावर ठेवला. मग तो तिथंच राहिला.

उचलायची वेळ झाली. सगळ्या बायांनी हंबरडा फोडला. सासूबाई खांबाला धरून बसल्या होत्या, डोळे घट्ट मिटलेले, तोंडातून आवाज नाही. रडायला तोंड उघडलं तर पुन्हा ओकारी येईल, म्हणून त्यांनी दात दाबून धरले होते. माझ्या मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "आई हाय का कोन? डोळ्याला पानी न्हाई."

मी वळून बघितलं. ती बाई अनोळखी होती, आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

*

दहाव्याला सृष्टी लातूरहून आली. सासूबाई जळकोटलाच होत्या, कारण त्यांना परत कसं न्यायचं हे कुणाला सुचत नव्हतं. सकाळी अंगणात उन्हाला बसून त्या दामिनीची वेणी घालत होत्या. दामिनी तिसरीत होती. सृष्टी जवळ जाऊन बसली. मी दाण्याचं कूट करत होते.

सासूबाईंनी मधेच विचारलं, "सृष्टे, तुमच्या इंग्रजीत याला काय म्हन्तेत गं?"

"कशाला, आज्जी?"

"गाडी लागन्याला."

सृष्टीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कारसिक म्हणतात. कार म्हणजे गाडी. सिक म्हणजे आजारी. दोन शब्द जोडून एक केलाय. गाडीनं आजारी पडलेला माणूस."

वेणी घालणारे हात थांबले.

"आजारी म्हन्तेत?"

"हो."

"म्हंजे तिकडच्या लोकांला बी लागती?"

सृष्टीनं फोन काढला आणि वाचून वाचून सांगायला लागली. आत्या गेल्यापासून तिला कुणाशी नीट बोलताच आलं नव्हतं. या निमित्तानं ती बोलायला लागली, म्हणून मीही अडवलं नाही. तिनं सांगितलं, की सगळ्यात आधी बोट लागायची. इंग्रज लोक बोटीतून लांब जायचे, तेव्हा सी म्हणजे समुद्र आणि सिक म्हणजे आजारी असे दोन शब्द जोडून त्यांनी सीसिक केलं, त्याला साडेचारशे वर्षं झाली असतील. डॉक्टर मळमळीला नॉशिया म्हणतात, तो शब्दसुद्धा त्याहून कितीतरी जुन्या लोकांच्या भाषेत बोटीवरून आलेला. पुढं माणूस फुग्यात बसून हवेत उडायला लागला, तर त्याला तिथंही मळमळलं, मग हवेसाठी तसाच जोडशब्द केला. कारसिक त्यानंतरचा, शंभरेक वर्षांपूर्वीचा.

"तेव्हा मोटारी लई नव्हत्या ना पण?" मी विचारलं.

"अमेरिकेत रेल्वेच्या डब्यालाही कार म्हणायचे, मम्मी. आधी तो लागायचा. आणि त्याच्याही आधी, मुळात कार म्हणजे दोन चाकांची गाडी. घोडे जुंपायचे तिला."

सासूबाईंनी मान वर केली. "दोन चाकाची? मंग आपली बैलगाडी बी कारच की."

"तशी कारच."

"ती तर मला कधी लागली न्हाई." त्यांनी रिबीन बांधली, गाठ दोनदा मारली. मग हळूच म्हणाल्या, "एवढी शिकलेली मानसं आजारी म्हन्तेत. मला कुनी एकानं बी म्हनलं न्हाई गं. मला मानसं हसली."

सृष्टी म्हणाली, "कानाच्या आत असतं काहीतरी, आज्जी. तोल सांभाळणारं. त्याचं आणि डोळ्याचं जमत नाही. तुझी काय चूक नाही त्यात."

"त्याला औषध?"

सृष्टीनं फोनवर बरंच खाली खाली पाहिलं. "लिंबू, आलं, लांब बघायचं, पुढच्या शिटावर बसायचं..."

सासूबाईंच्या तोंडून हसू निघालं, आणि त्या हसण्यातच त्यांना रडू फुटलं. लेक गेल्यानंतरचं पहिलं रडू. इतकं मोठं, की आतून पुनमच्या सासूबाई धावत बाहेर आल्या. दामिनी दुसरी वेणी घालायच्या आधीच आजीच्या गळ्यात पडली.

*

तेरावा झाला, मंडळी पांगली. आम्ही सासूबाईंना गाडीत बसवलं. गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत त्यांनी दार उघडायला लावलं, खाली उतरल्या आणि भिंतीला धरून ओकल्या. अंगात अजून लोह्याचाच अशक्तपणा होता. त्या चालत परत लेकीच्या घरी गेल्या, आणि ओट्यावर बसून विहीणबाईंना म्हणाल्या, "लई तकलीफ देऊलाले मी तुमाला."

"असू द्या. बरं वाटंस्तोवर राहा," विहीणबाई म्हणाल्या. त्या वाईट नाहीत. पण विहिणीच्या घरी असं राहणं कुणालाच सोपं नसतं.

आदिनाथला शेत होतं, मला घर. आम्ही दोघं परत आलो. सासूबाई राहिल्या. इतकी वर्षं जिथं एकदाही जाता आलं नाही, तिथून आता निघता येत नव्हतं.

फोनवर त्या मला पुनमचं घर सांगायच्या. ओट्याजवळची खिडकी अशी आहे की भाकरी थापताना रस्ता दिसतो. मिठाची बरणी आपल्यासारखीच उजव्या हाताला. मागं तिनं कढीपत्ता लावलाय, चांगला डोक्याएवढा झालाय. "मला कधी बोलली न्हाई गं कढीपत्त्याचं," असं म्हणायच्या. दामिनीला शाळेसाठी त्याच तयार करायच्या, डबा द्यायच्या. दामिनी त्यांच्याजवळच झोपायची.

दिवाळीच्या आधी विहीणबाईंचा आदिनाथला फोन आला. आवाज मऊ होता.

"दयानंदाचं बघूलालोत आम्ही. उदगीरकडची पोरगी हाय. पाव्हने यायचेत. तुमच्या आईला बी वाईट वाटंल, आन त्यांच्या समोर पाव्हन्यांना तरी कसं बसवावं?"

यात खोटं काहीच नव्हतं. दयानंदरावांचं वय ते काय, घरात लहान लेकरू. आदिनाथ "हाव" म्हणाला.

त्यानं नांदेडला एका डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, झोपेचं इंजेक्शन देऊन नेता येईल, तिथल्याच डॉक्टरकडून द्या, सोबत राहा. आदिनाथ व्यंकटीची गाडी घेऊन जळकोटला गेला. सासूबाईंना सगळं नीट सांगितलं. पाहुण्यांचंही सांगितलं. त्या चिडल्या नाहीत.

"बरोबर हाय त्यांचं. द्या इंजेक्शन. पन दामिनी शाळेतून येऊ दे. तिला भेटून जाते."

डॉक्टर दुपारी आला. त्याला पुढं जायचं होतं, म्हणून इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, चढायला वेळ लागतो, तोवर बोलत बसा. सासूबाई दाराकडे तोंड करून बाजेवर बसल्या. पण दोन महिन्यांची जागरणं, अंगात रक्त नाही. शाळा सुटायच्या आधीच त्यांची मान कलली.

दामिनी आली तेव्हा आदिनाथ आणि व्यंकटी त्यांना उचलून गाडीत ठेवत होते. तिनं दप्तर न काढता खिडकीतून आत पाहिलं.

"आज्जी झोपली?"

"हाव बाळा," आदिनाथ म्हणाला.

"मग उठल्यावर जा म्हणा ना."

हे मला आदिनाथनं सांगितलं, एकदाच. मुखेड गेलं, नायगाव गेलं, गोदावरीचा पूल गेला, त्या झोपेतच होत्या. एकदाही ओकल्या नाहीत. आम्ही त्यांना इथं पलंगावर निजवलं. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं नाही बहुतेक, आणि विचारलं, "दामिनी आली का शाळेतून?"

*

दयानंदरावांचं लग्न झालं. नवी बाई शांत आहे, दामिनीला मारत-बोलत नाही असं कळतं. सासूबाई रोज एकदा दामिनीशी फोनवर बोलतात. त्या बाईशीही बोलतात, तिला "माय" म्हणतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दामिनीला आमच्याकडे पाठवायचं ठरलं. सासूबाईंनी शेवया करून ठेवल्या, डाळ भिजवली. दयानंदराव तिला एसटीनं घेऊन निघाले आणि मुखेडहून फोन आला. दामिनी दोनदा अंगावर ओकली होती. आता ती पुन्हा बसमध्ये चढायला तयार नव्हती, स्टँडवर फरशीला धरून बसली होती. मागं पुनमसोबत यायची तेव्हा तिला असं कधी झालं नव्हतं.

दयानंदराव वैतागलेले. "काय नखरे करूलाली बघा. लहान हाय का आता?"

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. जावयाशी त्या कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या.

"तिला बोलू नका, जावईबापू. नखरा न्हाई त्यो. आजार हाय. इंग्रजीत तसा शब्दच हाय, सृष्टीला इचारा." मग आवाज खाली आला. "तिला घरी घेऊन जा. पानी पाजा. पुढं आनू नका."

फोन ठेवल्यावर भिजलेल्या डाळीकडे बघून म्हणाल्या, "आता हिचं काय करावं?" ती डाळ मी शेजारी देऊन टाकली.

नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे आम्ही जाऊन आलो. रेल्वेनं, अर्ध्या गोळीवर, पार गळून. त्यांनी तपासलं, व्यायाम सांगितले. या वयात कितपत फरक पडेल सांगता येत नाही, म्हणाले. सवय करून बघा, थोडी थोडी.

ते सासूबाईंनी मनावर घेतलं. दुपारी व्यंकटीची गाडी झाडाखाली उभी असते. त्या जाऊन पुढच्या शिटावर बसतात, दार उघडं ठेवून. आधी बंद गाडीतसुद्धा त्यांना घाम फुटायचा, उठून यायच्या. आता बसू शकतात. मग व्यंकटी गाडी चालू करतो आणि रेल्वे गेटपर्यंत नेतो. गेटच्या अलीकडे त्या हात वर करतात. उतरतात, कडेला जातात, तोंड पुसतात आणि चालत घरी येतात. गेटच्या पुढं अजून एकदाही जाता आलेलं नाही.

"राहू द्या आता, काकू," परवा व्यंकटी म्हणाला. "कशाला जिवाला त्रास?"

"तुला डिझेलचे पैसे पायजेत का?"

"तसं न्हाई, काकू."

"मंग उद्या ये," त्या म्हणाल्या, आणि पदरानं मान पुसत घराकडे चालायला लागल्या.